खाऊच्या पेटीतील खेळणे

जेवावयास न बसणाऱ्या मुलास घास भरविताना आई चिऊकाऊचे नाव घेते, खिडकीतला चांदोमामा दाखविते, प्रसंगी त्याच्या हाती एखादी बाहुलीही देते. अन्न आणि खेळ यांची ही सांगड संसाराइतकीच जुनी असावी. मात्र या सांगडीत एक गोष्ट गृहीत असते. जो घास भरवावयाचा तो मुलास हितकर आहे हे आईने आधीच ठरविलेले असते. चिऊकाऊ येतात ते त्या घासाच्या सेवेसाठी. हा क्रम उलटला, म्हणजे खेळणे आधी आले आणि त्याच्या मागोमाग कोणता घास जावयाचा हे विकणाऱ्याने ठरविले, तर काय होते? अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात २०१० साली हा प्रश्न लोकनियुक्त मंडळांपुढे आला. त्यातून जे नियम झाले, आणि त्या नियमांचे पुढे जे झाले, त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे.

पेटीचा जन्म

खाद्यवस्तूबरोबर भेट देण्याची चाल अमेरिकेत विसाव्या शतकाच्या प्रारंभीच रूढ झाली. केलॉग कंपनीने १९०९ साली आपल्या मक्याच्या पोह्यांच्या दोन पुड्यांमागे मुलांसाठी एक गमतीचे चित्रपुस्तक देऊ केले. पाकात घोळलेल्या मक्याच्या लाह्या व शेंगदाणे यांचा 'क्रॅकर जॅक' नावाचा खाऊ तेथे लोकप्रिय आहे. त्याच्या प्रत्येक डब्यात १९१२ पासून एक लहानसे बक्षीस ठेवले जाऊ लागले. खाऊ मुख्य आणि बक्षीस गौण, असे त्या काळी मानावयास हरकत नव्हती.

पुढे मोटारींचा सुळसुळाट झाला, महामार्गांच्या कडेला झटपट खाद्य विकणारी उपाहारगृहे उभी राहिली, आणि साऱ्या कुटुंबास एकाच दुकानाकडे कसे वळवावे हा व्यापाऱ्यांपुढील प्रश्न झाला. त्याचे उत्तर मुलांत सापडले. 'बर्गर शेफ' या कंपनीने १९७३ साली 'फन मील' नावाचे मुलांचे वेगळे जेवण काढले. त्याच सुमारास दूर ग्वाटेमालामध्ये योलांदा फर्नांदेझ दे कोफिन्यो या बाईंच्या लक्षात आले की, मॅकडोनल्ड्सच्या दुकानात येणाऱ्या आयांना मुलांसाठी मोठ्या माणसांचे पदार्थ मागवावे लागतात आणि त्यांतले पुष्कळसे उरते. त्यांनी लहान बर्गर, थोडे तळलेले बटाटे व सोबत एक लहानशी भेट असे ताट योजिले. कॅन्सस सिटी येथील बॉब बर्नस्टाइन या जाहिरात-व्यावसायिकाने त्यास रंगीत पेटीचे रूप दिले, आणि १९७९ साली ही पेटी 'हॅपी मील' या नावाने संपूर्ण अमेरिकेत विक्रीस आली. पहिल्या पेट्यांवर सर्कशीच्या गाड्यांची चित्रे होती. म्हणजे या योजनेच्या मुळाशी मुलाला बेताचे खाणे मिळावे हाही एक विचार होता. न्यायबुद्धीने पाहू जाता हे नमूद केले पाहिजे.

पण थोड्याच वर्षांत पेटीतील खेळण्याने पेटीचा ताबा घेतला. चित्रपटातील पात्रांच्या बाहुल्या निघू लागल्या, त्यांचे संच निघू लागले, आणि संच पुरा करावयाचा तर दर आठवड्यास दुकान गाठणे आले. १९९७ साली 'टीनी बीनी बेबीज' या इवल्याशा कापडी प्राण्यांची योजना निघाली. सुमारे १० कोटी खेळणी पाच आठवडे पुरतील असा कंपनीचा अंदाज होता. दोन आठवड्यांतच त्यांचा खडखडाट झाला, आणि खेळणे खिशात टाकून खाद्य तसेच टाकून देणारे प्रौढ संग्राहकही लोकांनी पाहिले. अन्न हे वेष्टन आणि खेळणे हा माल, अशी ती उलटापालट होती.

या व्यापाराचा आवाका अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालावरून कळतो. २००६ या एका वर्षात झटपट खाद्याच्या कंपन्यांनी मुलांच्या जेवणासोबत द्यावयाच्या खेळण्यांवर सुमारे ३६ कोटी डॉलर खर्च केले होते, आणि १२ वर्षांखालील मुलांना खेळण्यासह विकलेल्या जेवणांची संख्या १२० कोटींहून अधिक होती. इतका पैसा कोणी हौसेखातर खर्च करीत नाही.

मुलाचे मन कोठे वळते

खेळण्याची ओढ खरोखर किती असते? आपण सारे आपापल्या घरच्या अनुभवाने त्याचे उत्तर देऊ. परंतु शास्त्रास अनुभव मोजून पाहावा लागतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली एक साधा पण मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षे वयाच्या ६३ मुलांपुढे एकाच पदार्थाचे दोन सारखे भाग ठेवण्यात आले. एक भाग मॅकडोनल्ड्सच्या खुणेच्या कागदात होता, दुसरा साध्या कागदात. कोणता अधिक रुचकर लागला असे विचारता मुलांचा कल खुणेच्या कागदातील भागाकडे दिसला, आणि हा कल गाजराच्या व दुधाच्या बाबतीतही दिसला. गाजर तेच, दूध तेच. बदलला होता तो केवळ कागद. मुले खोटे बोलत होती असे मुळीच नव्हे. त्यांस ते गाजर खरोखरच अधिक गोड लागले असावे, आणि विचार करण्याजोगी गोष्ट तीच आहे.

दुसरा प्रयोग कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात झाला व २०१२ साली प्रसिद्ध झाला. सहा ते बारा वर्षांच्या ३३७ मुलांना सुटीच्या शिबिरांत जेवणाचे चार पर्याय देण्यात आले. त्यांपैकी दोन आहारदृष्ट्या बरे होते, दोन तसे नव्हते. काही मुलांना चारही जेवणांबरोबर खेळणे मिळणार होते, तर इतरांना केवळ बऱ्या जेवणांबरोबर. दुसऱ्या गटातील मुलांनी बऱ्या जेवणाची निवड स्पष्टपणे अधिक प्रमाणात केली. खेळणे हे स्वतः हितकारक नाही की अहितकारकही नाही. ते एक दोर आहे; तो ज्या खुंटास बांधावा तिकडे मूल ओढले जाते.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानी घ्यावा. मोठ्या माणसालाही जाहिरात भुलविते; पण समोरचा मनुष्य आपणांस काही विकू पाहत आहे एवढे तो जाणून असतो. सात-आठ वर्षांखालील बहुतेक मुलांस हा हेतू ओळखता येत नाही, असे अमेरिकन मानसशास्त्र संघाच्या अभ्यासगटाने २००४ साली आपले मत दिले. त्यांच्या लेखी दुकानदार खेळणे 'देतो'. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१० मध्ये मुलांवर होणाऱ्या खाद्यविषयक प्रचारास आवर घालण्याच्या ज्या शिफारशी स्वीकारल्या, त्यांच्या मुळाशी हाच विचार आहे.

दोन नियम

२००९-१० च्या पाहणीनुसार अमेरिकेतील २ ते १९ वर्षांच्या मुलामुलींपैकी सुमारे १७ टक्के स्थूलतेच्या व्याख्येत बसत होती. या पार्श्वभूमीवर कॅलिफोर्नियातील सान्ता क्लारा परगण्याच्या मंडळाने केन येगर या सदस्याच्या प्रस्तावावरून एप्रिल २०१० मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी एक उपविधी संमत केला. ४८५ उष्मांकांहून अधिक, किंवा ६०० मिलिग्रॅमहून अधिक सोडियम असलेल्या मुलांच्या जेवणासोबत खेळणे देऊ नये, असा त्याचा आशय होता. चरबी व साखर यांसही मर्यादा होत्या. हा नियम परगण्यातील नगरांच्या हद्दीबाहेरच्या भागापुरताच असल्याने त्याच्या कक्षेत फार थोडी दुकाने आली. परंतु नियमाचे बी पडले ते पडलेच.

शेजारच्या सान फ्रान्सिस्को शहराने ते उचलले. एरिक मार या सदस्याने मांडलेला उपविधी नोव्हेंबर २०१० मध्ये आठ विरुद्ध तीन मतांनी संमत झाला. महापौर गॅव्हिन न्यूसम यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. मुलांनी काय खावे हे आईबापांनी ठरवावे, राजकारणी लोकांनी नव्हे, असा त्यांचा पक्ष होता. मंडळाने त्याच महिन्यात पुन्हा मतदान करून तो नकार रद्द ठरविला, आणि १ डिसेंबर २०११ पासून नियम अंमलात यावयाचे ठरले.

या नियमाच्या अटी पाहण्याजोग्या आहेत. खेळणे फुकट द्यावयाचे असेल तर जेवणात ६०० हून कमी उष्मांक असावेत, सोडियम ६४० मिलिग्रॅमहून कमी असावे, एकूण उष्मांकांपैकी ३५ टक्क्यांहून कमी चरबीपासून यावेत, आणि ताटात अर्धा पेला फळे व पाऊण पेला भाजी असावी. उष्मांक म्हणजे एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास लागणारी उष्णता, हे वाचकांस ठाऊक असेलच. पाच-सहा वर्षांच्या, फारशी धावपळ न करणाऱ्या मुलास दिवसाकाठी सुमारे १२०० ते १४०० उष्मांक पुरतात. म्हणजे ६०० ही मर्यादासुद्धा दिवसाच्या गरजेच्या दोन पंचमांशांहून अधिकच आहे, आणि ६४० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे १.६ ग्रॅम मीठ. अटी जाचक होत्या असा बोभाटा झाला खरा. पण आकडे कागदावर मांडून पाहिले की त्या बऱ्याच सैल वाटतात. कठीण होते ते फक्त फळ आणि भाजी.

आईबापांचा अधिकार या आक्षेपाविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण तो पोकळ नाही. घरातील ताटात शासनाने हात घालावा हे कोणासही रुचणार नाही. तथापि या नियमाने कोणताही पदार्थ विकण्यास मनाई केली नव्हती. पालकास जे हवे ते तो मागवू शकत होता. मनाई होती ती पालकाच्या डोक्यावरून थेट मुलाशी चाललेल्या संभाषणास. मुलाने हट्ट धरावा यासाठी एक पक्ष कोट्यवधी डॉलर खर्च करीत असता पालक मोकळेपणाने निवड करतो असे म्हणणे थोडे धाडसाचे आहे. डिसेंबर २०१० मध्ये कॅलिफोर्नियातीलच एका आईने ग्राहकहिताच्या एका संस्थेच्या साहाय्याने कंपनीवर दावा लावला, त्यात हेच गाऱ्हाणे होते. एप्रिल २०१२ मध्ये न्यायालयाने तो दावा फेटाळला. उलट बाजूने ॲरिझोना राज्याने २०११ साली कायदाच करून आपल्या नगरांना व परगण्यांना असले नियम करण्यास बंदी घातली.

दहा सेंटांची पळवाट

१ डिसेंबर २०११ उजाडला. सान फ्रान्सिस्कोतील मॅकडोनल्ड्सच्या दुकानांत हॅपी मील पूर्ववत मिळत होते, खेळणीही मिळत होती. बदल एवढाच झाला होता की खेळण्यास आता दहा सेंट पडत. नियमात मनाई होती ती फुकट देण्यास; विकण्यास नव्हे. शिवाय जेवण घेतल्यावाचून खेळणे विकत मिळत नसे. त्यावर कडी म्हणजे हे दहा सेंट आजारी मुलांच्या कुटुंबांना निवारा देणाऱ्या, कंपनीशीच निगडित अशा धर्मादाय संस्थेकडे जावयाचे होते. आता खेळणे नाकारणारा पालक धर्मकृत्यही नाकारणार! या युक्तीचे कौतुक करावे की खेद मानावा हे ज्याने त्याने ठरवावे.

पुढे संशोधकांनी सान फ्रान्सिस्कोतील दोन मोठ्या साखळ्यांच्या दुकानांत नियमापूर्वी व नियमानंतर मुलांसाठी काय मागविले गेले याची पाहणी केली. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. दोन्ही साखळ्यांनी खेळणे वेगळे विकण्याचा मार्ग पत्करला होता, आणि नियमातील आहारविषयक अटी पुऱ्या करण्यासाठी पदार्थ मात्र दोघींनीही बदलले नव्हते. मुलांचे जेवण घेणाऱ्या बहुतेक पालकांनी दहा सेंट मोजून खेळणे घेतलेच. सान्ता क्लारा परगण्याच्या पाहणीतही याच्याशी जुळणारे चित्र दिसले होते. तेथे खेळण्यांची जाहिरात थोडी मागे सरली, बरे पदार्थ दर्शनी मांडले जाऊ लागले, पण पदार्थांच्या यादीत नवे पौष्टिक काही आले नाही.

येथे कोणी म्हणेल की नियम फसला. पण त्याच २०१४ च्या पाहणीत एक निराळी गोष्ट आढळली. दोहोंपैकी एका साखळीत मुलांच्या प्रत्येक मागणीमागे उष्मांक, चरबी आणि सोडियम ही खरोखरच कमी झाली होती. कारण शोधता असे दिसले की, मुख्य पदार्थाबरोबर आपोआप येणारे तोंडीलावणे व पेय या काळात बदलले होते. मॅकडोनल्ड्सने जुलै २०११ मध्येच जाहीर केले होते की, यापुढे अमेरिकेतील प्रत्येक हॅपी मीलमध्ये सफरचंदाच्या फोडी असतील आणि तळलेल्या बटाट्यांचे प्रमाण सुमारे ६८ ग्रॅमवरून ३१ ग्रॅमवर येईल. त्यायोगे जेवणाचे उष्मांक सुमारे २० टक्क्यांनी घटावेत असा कंपनीचा हिशेब होता. हा बदल साऱ्या देशासाठी होता, तेव्हा तो एका शहराच्या नियमापुढे मान तुकविण्यासाठी केला असे म्हणता येणार नाही, आणि संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही. परंतु त्या नियमाने, खटल्याने व वर्तमानपत्रांतील वादाने हा प्रश्न त्या दिवसांत चव्हाट्यावर आणला होता, हेही खरे.

यातील मर्म असे की, मुलाच्या पोटात काय गेले हे बदलले ते खेळण्याच्या दरापेक्षा 'न मागता जे मिळते' त्यामुळे. मनुष्याचा स्वभाव असा आहे की, समोर जे आपोआप येते ते तो सहसा परत करीत नाही. पेटीत सफरचंद आधीच असले तर ते काढून टाकण्यास सांगणारा पालक विरळा. कॅलिफोर्नियाने हाच धागा धरून २०१८ साली राज्यभरासाठी कायदा केला; त्यानुसार मुलांच्या जेवणाबरोबर आपोआप द्यावयाचे पेय पाणी वा दूध असे असावे लागते. गोड पेय हवे असल्यास ते मागून घ्यावे.

गळ हा शब्द

भाषांतरकाराच्या वाट्यास आलेली एक अडचण येथे सांगावीशी वाटते. सान फ्रान्सिस्कोच्या उपविधीत खेळण्यास 'इन्सेंटिव्ह आयटम' असे म्हटले आहे. त्याचा 'प्रोत्साहनवस्तू' हा शब्दशः प्रतिशब्द होतो, आणि तो ऐकून कोणासही शाळेच्या बक्षीस-समारंभाची आठवण व्हावी. 'आमिष' हा आपला शब्द अधिक नेमका आहे. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. गळाला लावावयाचा मांसाचा तुकडा, त्यावरून भुलविणारी वस्तू. मात्र अमेरिकन कायद्याने तो अर्थ शब्दात येऊ दिला नव्हता, म्हणून तो आम्हांसही घालता आला नाही.

दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या कायद्याने तसा संकोच केला नाही. तेथील २०.६०६ क्रमांकाचा कायदा २०१२ साली प्रसिद्ध झाला व २७ जून २०१६ पासून लागू झाला. उष्मांक, साखर, संपृक्त चरबी किंवा सोडियम ठराविक मर्यादेहून अधिक असलेल्या पदार्थांवर काळी अष्टकोनी खूण छापावयाची, आणि असे पदार्थ मुलांना विकताना 'व्यापारी गळ' वापरावयाचा नाही, असे त्यात सांगितले आहे. स्पॅनिशमध्ये शब्दच 'गांचो' म्हणजे आकडा किंवा गळ असा आहे. भेटवस्तू, स्पर्धा, खेळ किंवा मुलांस आकर्षून घेणारे अन्य काहीही त्यात मोडते. गळास किंमत चिकटविली म्हणून तो गळ असावयाचा थांबत नाही. अर्थात दहा सेंटांच्या पळवाटेस येथे फारसा वाव उरला नाही. मर्यादाही एकदम न लादता टप्प्याटप्प्याने आवळल्या गेल्या. घन पदार्थांच्या १०० ग्रॅमांमागे प्रथम ३५० उष्मांक व ८०० मिलिग्रॅम सोडियम इतकी मुभा होती. २०१९ पासून ती २७५ उष्मांक व ४०० मिलिग्रॅमवर आली. पोटात खेळणे असलेली चॉकलेटची अंडी तेथील दुकानांतून नाहीशी झाली.

गंमत अशी की, मिठाईच्या पोटात खेळणे घालण्यास खुद्द अमेरिकेत १९३८ च्या कायद्यापासून मनाई आहे. तेथे भीती होती ती ते मुलाच्या घशात अडकेल याची. पेटीत बर्गरच्या शेजारी बसलेले खेळणे घशात अडकत नाही, म्हणून त्या कायद्याने त्याकडे पाहिले नाही.

आपल्या देशात मॅकडोनल्ड्सचे पहिले दुकान १९९६ साली दिल्लीत उघडले, आणि खेळण्याची पेटी ही आता आपल्या शहरांतील मुलांसही अपरिचित राहिलेली नाही. २०२० च्या विनियमांनी शाळेच्या आवारात व त्यापासून ५० मीटरांच्या आत चरबी, मीठ वा साखर अधिक असलेले पदार्थ शाळकरी मुलांस विकण्यास मनाई केली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये जाहिरातींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत गरज नसता वस्तू घेण्यास मुलांचे मन वळविण्यासाठी भेटवस्तू देऊ करणारी जाहिरात गैर ठरविली आहे; मुलांच्या कार्यक्रमांत निकस खाद्याच्या व वायुयुक्त पेयांच्या जाहिराती दाखविण्यासही मनाई आहे. ही तत्त्वे जाहिरातींपुरती आहेत. दुकानात पैसे मोजल्यावर पुढ्यात येणाऱ्या पेटीत बर्गरच्या शेजारी काय ठेवलेले असावे, याविषयी त्यांत काही म्हटलेले नाही.